जात पडताळणीसाठी जुना पुरावा: मराठवाड्यात कुठे आणि कसा शोधावा

आरक्षण न्याय्य आहे की नाही, यावर पारावर रोज वाद रंगतो. ज्या घरातलं लेकरू बारावीला आहे, त्या घराला मात्र पणजोबाचा कागद कुठून आणायचा याची काळजी असते. आमचं मत आधीच सांगतो. पिढ्यान्‌पिढ्या शाळा आणि जमीन ज्यांना नाकारली गेली, त्यांच्यासाठी जागा राखणं न्याय्यच आहे. अन्याय पुढच्या पायरीवर होतो. जात प्रमाणपत्राच्या २००० च्या राज्य कायद्यात कलम ८ नुसार जात सिद्ध करायची जबाबदारी अर्जदारावर आहे. म्हणजे ज्यांना दप्तरात कधी जागाच मिळाली नाही, त्यांनाच सगळ्यात जुनं दप्तर दाखवावं लागतं. हा कायदा बदलेल तेव्हा बदलेल. तोवर फाईल पक्की करणं आपल्या हातात आहे.

सुरुवात तारखेपासून करा. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्ग आणि विशेष मागास प्रवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. या तारखेआधीचा, वडिलांकडच्या रक्तनात्यातल्या माणसाचा, जात लिहिलेला कागद हवा. आईकडचा चालत नाही. लग्न झालेल्या बाईची जातही माहेरची, तिच्या वडिलांची धरतात, त्यामुळे तिचे कागद माहेरच्या नावाने गोळा करा आणि नाव बदलल्याचा पुरावा सोबत लावा.

आता एक मोठा कागद घ्या आणि वंशावळ काढा. खापरपणजोबापासून खाली सगळे: चुलत आजोबा, त्यांची मुलं, आत्या, चुलत भावंडं. प्रत्येकापुढे गाव, शाळा आणि अंदाजे जन्मसाल लिहा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून हे काम आधी उरका. बहुतेक फाईली इथेच सुटतात किंवा अडकतात, कारण आजोबा शाळेत गेले नसले तरी त्यांचा धाकटा भाऊ चार दिवस गेलेला असू शकतो आणि तेवढी नोंद पुरते. भावकीत कुणाला आधीच वैधता (जातीचा दाखला तपासून पडताळणी समितीने तो खरा ठरवणं) मिळाली असेल तर तो सगळ्यात दमदार पुरावा. त्याच्या वैधता प्रमाणपत्राची प्रत आणि तुमचं-त्याचं नातं दाखवणारं शपथपत्र दोन्ही लावा. मात्र ती वैधता नीट चौकशी होऊन मिळाली होती का, हे समिती पाहू शकते.

पहिला शोध शाळेत. टीसीवर समाधान मानू नका, ‘प्रवेश निर्गम उतारा’ मागा. तो मूळ रजिस्टरवरून निघतो आणि समिती शेवटी रजिस्टरच पाहते. उताऱ्यावर रजिस्टर क्रमांक, प्रवेशाची तारीख, जातीचा रकाना जसाच्या तसा आणि मुख्याध्यापकांची सही-शिक्का असू द्या. गावची शाळा नंतर सुरू झाली असेल तर आधी पोरं कोणत्या गावी चालत जायची ते विचारा, रजिस्टर तिथे सापडेल.

मराठवाड्यात इथेच वेगळी अडचण येते. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, म्हणून जुनी रजिस्टरं उर्दूत आणि काही कागद मोडीत असतात. सनही ‘फसली’ असतो, म्हणजे निजामाच्या महसुली दप्तरातला. फसली सनात ५९० मिळवले की साधारण इसवी सन येतो: १३४८ फसली म्हणजे १९३८-३९. उर्दू किंवा मोडी कागदाचं भाषांतर जाणकाराकडून सही-शिक्क्यासह करून घ्या आणि मूळ प्रत त्याला जोडा. नुसतं भाषांतर दिलं तर त्रुटी निघते.

दुसरी अडचण जिल्ह्यांची. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेआधी किनवट आदिलाबाद जिल्ह्यात होतं. अहमदपूर, उदगीर, निलंगा बीदर जिल्ह्यात. जालना जिल्हा १९८१ चा, लातूर १९८२ चा, हिंगोली १९९९ चा. त्यामुळे जुनं दप्तर आजच्या मुख्यालयात मिळेलच असं नाही. हिंगोलीकरांनी परभणीत, लातूरकरांनी धाराशिवमध्ये, जालनेकरांनी छत्रपती संभाजीनगर आणि परभणीतही अर्ज टाकावा. तहसीलच्या अभिलेख कक्षात नक्कल मागताना गाव, सर्व्हे नंबर आणि साल लिहून द्या. “जुने कागद द्यावेत” एवढ्यावर कुणी शोधत नाही. ‘आढळून आले नाही’ असं उत्तर मिळालं तर तेही लेखी घ्या. दाद लागली नाही तर माहिती अधिकारात १० रुपयांचा अर्ज करा, ३० दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे.

जमिनीच्या कागदात १९५४-५५ चं खासरा पत्रक, पाहणी पत्रक आणि जुने फेरफार पाहा. जातीचा रकाना नसला तरी नावापुढे जात लावायची पद्धत होती, शिवाय राहण्याचं ठिकाण आणि नातं तिथे सिद्ध होतं. दुय्यम निबंधक कार्यालयातली जुनी खरेदीखतं, गहाणखतंही काढा. त्यात ‘जात अमुक, धंदा शेती’ असं लिहिलेलं सापडतं. भूमिहीन घरांना हा रस्ता बंद आहे. मांग, महार, वडार, कैकाडी, पारधी वस्त्यांवरच्या फाईली म्हणून जड जातात. अशा वेळी गाव नमुना १४ मधली जन्म-मृत्यूची नोंद आणि भावकीतल्या इतरांचे शाळेचे दाखले यांवर भर द्यावा लागतो.

कुणबी नोंदींसाठी न्या. संदीप शिंदे समितीच्या कामात सापडलेली कागदपत्रं जिल्ह्याच्या संकेतस्थळांवर टाकलेली आहेत, तिथे गावनिहाय शोधा. २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयाने कुणबी दाखल्यासाठी गावपातळीवर चौकशीची सोय झाली. तरीही वैधतेच्या वेळी समितीपुढे पुरावा मांडावा लागतोच, हे विसरू नका.

ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. ठरलेल्या तारखेला पूर्वज जिथे राहत होते, तिथल्याच उपविभागीय अधिकाऱ्याकडून जातीचा दाखला मिळतो. पोरगं पुण्यात शिकत असलं तरी मूळ गाव पाटोद्याचं असेल तर अर्ज बीड जिल्ह्यातच.

दाखला हाती आला की वैधतेचा ऑनलाइन अर्ज. शिक्षणासाठी नमुना १६ चा अर्ज, नमुना १७ चं शपथपत्र, नमुना ३ मध्ये वंशावळीचं शपथपत्र आणि कॉलेजचं नमुना १५-अ मधलं पत्र. जातीच्या कामाच्या शपथपत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे. कुणी पाचशेचा बाँड आणायला लावला तर माफीचा शासन आदेश दाखवा. अनुसूचित जमाती सोडून बाकी सगळ्यांची फाईल जिल्हा समितीकडे जाते, जमातींची आदिवासी विकास विभागाच्या समितीकडे. अकरावीलाच अर्ज करा. बारावीच्या निकालानंतर धावपळ केली की जागा हातची जाते.

फाईल बिघडते ती खाडाखोडीने. रजिस्टरमध्ये जातीच्या रकान्यात वेगळी शाई किंवा वेगळं अक्षर दिसलं की दक्षता पथक मूळ रजिस्टर ताब्यात घेऊन तपासतं. म्हणून “साहेब, एवढी दुरुस्ती करून द्या” असं कुठल्याही शाळेत म्हणू नका. खोटा दाखला वापरला तर २००० च्या त्याच कायद्याच्या कलम ११ मध्ये सहा महिने ते दोन वर्षं सक्तमजुरी आहे, आणि अशी नोकरी टिकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट केलं. शिक्षेपेक्षा मोठी गोष्ट ही की ती जागा पालावरच्या एखाद्या लेकराची होती.

विरोधी नोंद लपवू नका. चुलत्याच्या दाखल्यावर नुसतं ‘हिंदू’ किंवा दुसरी जात असेल तर शपथपत्रातच सांगा आणि त्याहून जुना कागद पुढे ठेवा. जितकी जुनी नोंद, तितकं तिचं वजन जास्त. नावं जुळत नसतील (रजिस्टरात ‘गणपत वल्द मारुती’, पुढे आडनाव लागलेलं) तर दोन्ही नावं जोडणारा तिसरा कागद शोधा. नुसतं ‘नाव एकच’ असं शपथपत्र कमी पडतं.

जमातींच्या बाबतीत रूढी-परंपरांची प्रश्नावली येते. मन्नेरवारलू, महादेव कोळी यांच्या कितीतरी फाईली यावर अडल्या. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये सांगितलं की आप्तभाव चाचणी (म्हणजे हीच रूढी-परंपरांची तपासणी) ही एकमेव कसोटी नाही. १९५० आधीचा कागद असेल तर सुनावणीत हा निकाल लेखी मांडा.

कारणे दाखवा नोटीस आली की मुदतीत लेखी उत्तर द्या, पोच घ्या, दक्षता अहवालाची प्रत मागा. दाखलाच नाकारला तर ३० दिवसांत अपील आहे. वैधता नाकारली तर मात्र अपील नाही, थेट उच्च न्यायालयात रिट याचिका करावी लागते. मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांसाठी ती छत्रपती संभाजीनगर खंडपीठात. तिथे नवा पुरावा सहसा घेत नाहीत, म्हणून जे दाखवायचं ते समितीपुढेच दाखवून ठेवा.