होमर शिकायचाय? आधी मात्रा मोजा

पॅरी आधी वाचू नका, म्हणजे होमरच्या काव्यामागची मौखिक परंपरा दाखवणारा अमेरिकन विद्वान मिलमन पॅरी. हे पहिल्याच वाक्यात सांगून टाकते, कारण संस्कृतमध्ये बीए-एमए केलेली पोरं मेसेज करतात तेव्हा हमखास हेच विचारतात, "ताई, ग्रीक महाकाव्यांवर रिसर्च करायचाय, मिलमन पॅरीपासून सुरुवात करू ना?" नको. मीही तेच केलं होतं, पुण्यात असताना थिअरीचा ढीग इंग्लिशमधून वाचला, होमरिक प्रश्न (ही काव्यं कोणी, कशी रचली), मौखिक परंपरा, फॉर्म्युला (पुन्हा पुन्हा येणारे ठरावीक शब्दगट), सगळं पाठ, आणि अमेरिकेत पीएचडीला पोचल्यावर पहिल्या आठवड्यात मॅडमनी होमरच्या इलियड या महाकाव्याची पहिली ओळ वृत्तात म्हणायला सांगितली तर मला ती धड म्हणता येईना.

ती ओळ अशी: मेनिन आएइदे थेआ पेलेइआदेओ आखिलेओस. देवी, पेलेउसच्या पोराचा, अकिलीसचा क्रोध गा. वृत्त हेक्सामीटर, म्हणजे सहा गण, प्रत्येक गण गुरूनेच सुरू होणार आणि त्यानंतर दोन लघू किंवा त्यांच्या जागी एक गुरू. शेवटच्या गणात दोनच अक्षरं. ओळीत अक्षरं बारा ते सतरा कितीही होऊ शकतात, म्हणजे हे आपल्या वसंततिलकेसारखं अक्षरं मोजायचं काम नाही, आर्येसारखं चार-चार मात्रांचे गण पाडायचं काम आहे. एवढं कळल्यावर मला वाटलं आपण जिंकलो, ऱ्हस्व स्वरापुढे जोडाक्षर आलं की गुरू हा नियमसुद्धा जवळजवळ आपलाच! पण ओळ काही सहा गणांत बसेना. चूक कुठे होती माहितीये? आपल्या डोक्यात ए आणि ओ हे कायमचे गुरू, संस्कृतमध्ये ते ऱ्हस्व असतच नाहीत, आणि मी वहीत सगळं देवनागरीत लिहून घेत होते. ग्रीकमध्ये ए दोन आहेत, एप्सिलॉन ऱ्हस्व आणि एटा दीर्घ, ओसुद्धा तसेच दोन. 'मेनिन'मधला मे दीर्घ, पण 'थेआ'मधला थे ऱ्हस्व. शिवाय 'देओ' दिसायला दोन अक्षरं पण इथे एका दमात एकच म्हणून घ्यायचं. हे सुधारल्यावर मग झालं: मे-नि-ना, एइ-दे-थे, आ-पे, ले-इ-आ, देओ-आ-खि, ले-ओस. तेव्हा पहिला सल्ला, देवनागरीत लिहिणं पहिल्या दिवसापासून बंद, लिपी शिकायला आठवडा पुरतो. आणि रोज पाच ओळी मोठ्याने. रूममेट वैतागते, वैतागू दे.

बरं, संस्कृतचा फायदा पण खरंच आहे. सातव्या ओळीत ॲगामेम्नॉनबद्दल येतं, 'आत्रेइदेस ते अनाक्स आन्द्रोन', आत्रेउसचा मुलगा, माणसांचा राजा. वर्गात मी हात वर करून विचारलं की 'ते'पुढे स्वर आलाय मग इथे संधी का नाही झाला, ग्रीकमध्ये अशा ठिकाणी पहिला स्वर लोप पावतो ना? तोपर्यंत मी वर्गातली मागे पडलेली मुलगी होते, त्या दिवशी पहिल्यांदा मॅडम खूश झाल्या. उत्तर असं की 'अनाक्स' हा शब्द आधी 'वनाक्स' होता, तो व् आयोनियन बोलीतून, म्हणजे होमरच्या ग्रीकमधून, गेला पण ओळीच्या चालीत त्याची जागा तशीच राहिली. हे विद्वानांनी आधी वृत्तावरून ओळखलं होतं, पुढे १९५२ मध्ये मायकल व्हेंट्रिसने लिनिअर बी ही होमरच्याही आधीची ग्रीक लिपी उलगडली तर मातीच्या पाट्यांवर साक्षात 'व-न-क' लिहिलेलं निघालं. असाच दुसरा प्रसाद म्हणजे 'क्लेओस आफ्थितोन', अकिलीस नवव्या सर्गात म्हणतो ती अक्षय कीर्ती. ऋग्वेदात पहिल्या मंडलात 'श्रवः' आणि 'अक्षितम्' एकाच ऋचेत भेटतात, क्लेओस म्हणजे आपलं श्रवस्. ही जोडी १८५३ मध्येच आडालबर्ट कून या जर्मन विद्वानाने दाखवून दिलीय, त्यामुळे अर्जात तुमचा शोध म्हणून कृपया लिहू नका, मी एका ड्राफ्टमध्ये लिहिला होता, अजून लाज वाटते.

आता पॅरी. ओळी तोंडात बसल्यावर त्याला वाचलंत तर तो दोन दिवसांत कळतो. ओळीच्या शेवटी ओडिसियसचं, म्हणजे ओडिसीच्या नायकाचं, नाव टाकायचंय, जागा मोठी असेल तर 'पोलुत्लास दिओस ओदुस्सेउस', मध्यम असेल तर 'पोलुमेतिस ओदुस्सेउस', लहान असेल तर नुसतं 'दिओस ओदुस्सेउस'. सोसणारा, चतुर, तेजस्वी ही विशेषणं बऱ्याचदा प्रसंग बघून नाही तर उरलेली जागा बघून येतात, हे पॅरीने १९२८ मध्ये पॅरिसच्या प्रबंधात ओळी मोजून मोजून दाखवलं. मग तो युगोस्लाव्हियात गेला, गुस्ले नावाच्या एकतारी वाद्यावर गाणारे लोक ॲल्युमिनियमच्या तबकड्यांवर रेकॉर्ड केले. मॉन्टेनेग्रोतला अवदो मेजेदोविच, धंद्याने खाटीक, लिहिता-वाचता न येणारा, त्याने १९३५ मध्ये बारा हजारांवर ओळींची एक कथा तोंडी सांगून लिहून दिली, म्हणजे जवळपास ओडिसीएवढी. पॅरी त्याच वर्षी तेहतिसाव्या वर्षी गेला आणि पुढचं काम त्याच्या विद्यार्थ्याने, ॲल्बर्ट लॉर्डने, केलं. विशेषणांना काहीच अर्थ नसतो असं मात्र आता कोणी म्हणत नाही, परीक्षेत तसं लिहिलंत तर मार्क जातील.

माझी खरी फजिती झाली ती पहिल्या सेमिनार पेपरात. मी भांडारकर संस्थेच्या सावलीत वाढलेली, महाभारताची चिकित्सित आवृत्ती म्हणजे आमचं दैवत, हस्तलिखितं जमवायची, पाठभेद मांडायचे, जुना पाठ वर आणि प्रक्षिप्त खाली. त्याच थाटात मी इजिप्तमध्ये सापडलेल्या इ.स.पू. तिसऱ्या शतकातल्या पपायरसांवर लिहिलं, त्यांत इलियडच्या जास्तीच्या ओळी आहेत, मी त्या बिनधास्त 'नंतरची भर' म्हणून काढून टाकल्या. पेपर परत आला, त्यावर पेन्सिलीने एवढंच: 'नंतरची, कशाच्या नंतरची?'

दोन दिवस मला प्रश्नच कळला नाही. मग लक्षात आलं की या फील्डमधलं आजचं मोठं भांडण नेमकं तिथेच आहे. ब्रिटिश विद्वान मार्टिन वेस्ट म्हणणार की एक थोर कवी होता, त्याने वर्षानुवर्षं लिहीत, दुरुस्त करत इलियड रचलं, म्हणून त्याचा पाठ शोधणं हेच संपादकाचं काम, त्याची आवृत्ती १९९८ ते २००० मध्ये आली. अमेरिकन विद्वान ग्रेगरी नाज म्हणणार, स्पेलिंग बघून नागी म्हणू नका, मी वर्षभर म्हणत होते, तर नाज म्हणणार की प्रत्येक गाण्यात काव्य नव्याने रचलं जात होतं आणि ते शतकानुशतकं हळूहळू घट्ट झालं, मग जास्तीची ओळ म्हणजे चूक नाही, दुसऱ्या एका गायनाची खूण असू शकते. तुम्ही कुठल्या बाजूला आहात त्यावर पाठभेदांचं पूर्ण गणित बदलतं. आणि महाभारताच्या त्या आवृत्तीचे संपादक सुकथनकर, त्यांच्यावर मी अन्याय केला होता तो वेगळाच, त्यांनी आदिपर्वाच्या प्रस्तावनेत व्यासांचं मूळ सापडलं असा दावा कुठेच केलेला नाही, हस्तलिखितांवरून मागे जाता येईल तितकंच जुनं रूप, बस. मी प्रस्तावना न वाचताच भक्त झाले होते. पेपर परत लिहिला, बी प्लस मिळाला, चालतंय.

प्रॅक्टिकल गोष्टी पटापट. नुसतं ग्रीक पुरत नाही, बहुतेक पीएचडी प्रोग्रॅमना लॅटिनपण लागतं आणि हे आपल्याकडे कोणी सांगत नाही, माझा एक वर्षाचा अर्ज याच्यावरच पडला. जर्मन आणि फ्रेंच वाचता यायला हवं, जर्मनच्या परीक्षेत मी एकदा नापास झालेय, क्रियापद वाक्याच्या शेवटी जाऊन बसतं आणि तोवर वेळ संपते. अमेरिकेत पीएचडीला साधारण स्टायपेंड मिळतो, बदल्यात शिकवावं लागतं, पण एमए बऱ्याचदा स्वतःच्या खिशातून, तेव्हा फक्त "अनुभव म्हणून" कर्ज काढून एमए करू नका. नोकऱ्या कमी आहेत, खरंच कमी, माझ्या बॅचमधले निम्मे लोक आज शाळेत लॅटिन शिकवतात किंवा लायब्ररीत आहेत, आणि सुखात आहेत हेही सांगते. प्रोफेसरांना पहिल्या नावाने हाक मारावी लागते, मला दीड वर्ष जमलं नाही, मी ईमेलची सुरुवातच टाळायचे.

घरबसल्या सुरुवात करायची तर क्लाइड फारचं १९२० चं होमरिक ग्रीकचं पुस्तक नेटवर फुकट आहे, ते पहिल्यांदा ॲटिक (अथेन्सची ग्रीक बोली) शिकवत बसत नाही, थेट इलियडवर आणतं. टफ्ट्स युनिव्हर्सिटीच्या पर्सिअस या साइटवर शब्दावर क्लिक केलं की रूप आणि अर्थ दिसतो, पण हे व्यसन लागतं, तेव्हा ओळ आधी कागदावर सोडवा आणि मगच क्लिक करा. आणि कंटाळा आला की होमर मल्टिटेक्स्टच्या साइटवर जाऊन व्हेनेटस ए बघा, व्हेनिसच्या मार्चाना लायब्ररीतलं दहाव्या शतकातलं हस्तलिखित, मधे इलियड आणि चारी बाजूंना बारीक अक्षरात टिपा, त्यांत अलेक्झांड्रियाच्या ॲरिस्टार्कस या प्राचीन होमर-संपादकाची मतं जपली गेलीत, कुठली ओळ त्याला संशयास्पद वाटली वगैरे. बाराव्या पानाच्या पुढच्या बाजूला काव्य सुरू होतं. झूम करा, 'मेनिन' शोधा, एटा नीट बघून घ्या.