लोहाची ऑक्साइडं: नावात आणि सूत्रात होणाऱ्या या चुका टाळा

लोहाची नेहमी लागणारी ऑक्साइडं तीनच: एफई-ओ, एफई-टू-ओ-थ्री आणि एफई-थ्री-ओ-फोर. तरी दरवर्षी मुलांची प्रयोगाची जर्नल तपासायला बसलं की त्याच चुका समोर येतात. बहुतेक चुका घोकंपट्टीच्या घाईतून आलेल्या असतात.

कंसातला आकडा अणूंचा नसतो

सगळ्यात जास्त छळणारी चूक हीच. एफई-टू-ओ-थ्रीमध्ये लोहाचे दोन अणू दिसले की मुलं बेधडक ‘आयर्न टू ऑक्साइड’ लिहून मोकळी होतात. नावात लोहानंतर कंसात लिहिलेला रोमन आकडा ऑक्सिडीकरण अंक सांगतो, म्हणजे संयुगात त्या अणूवर धरलेला प्रभार. ऑक्सिजनचा तो उणे दोन. तीन ऑक्सिजनचे मिळून उणे सहा, तेव्हा दोन लोहांच्या वाट्याला प्रत्येकी अधिक तीन. म्हणून हे आयर्न थ्री ऑक्साइड, जुन्या नावाने फेरिक. आयर्न टू ऑक्साइड म्हणजे एफई-ओ, फेरस.

एका प्रयोगशाळेत बाटल्यांना नवी लेबलं लावताना तांबड्या पुडीवर ‘आयर्न टू ऑक्साइड’ चढलं. एका विद्यार्थ्याने ती पूड हायड्रोक्लोरिक आम्लात तापवून विरघळवली आणि फेरस मोजायला डायक्रोमेटचं टायट्रेशन लावलं, म्हणजे ब्युरेटमधून डायक्रोमेट थेंबथेंब सोडत मोजायला घेतलं. द्रावणात फेरस असेल तोवर फेरिसायनाइड त्याने निळं होतं. टाइलवरच्या फेरिसायनाइडच्या थेंबाला निळा रंग येईचना. मग त्याने ब्युरेट धुतली, फेरिसायनाइड ताजं केलं, डायक्रोमेट पुन्हा बनवलं. दुपार त्यातच गेली. फ्लास्कमधलं द्रावण मात्र पहिल्यापासून पिवळंधमक होतं! फेरसचं द्रावण फिकट हिरवं असतं, तेव्हा तिथेच थांबायला हवं होतं. मी त्यात फेरिक ओळखणारं थायोसायनेट टाकलं, रक्तासारखा लाल रंग आला, तेव्हा कुठे त्याला बाटलीवर संशय आला.

मी लेबल वाचण्याआधी पुडीचा रंग बघतो. तांबडी असेल तर एफई-टू-ओ-थ्री. बाकीची दोन्ही काळी. नाव लिहिण्याआधी ऑक्सिडीकरण अंकाचा हिशेब समासात मांडायचा. त्याला अर्धा मिनिटही लागत नाही, आणि तेवढा धीर नसेल तर रसायनशास्त्रात पुढे फार जड जातं.

गंज म्हणजे निव्वळ फेरिक ऑक्साइड नव्हे

पुस्तकात एफई-टू-ओ-थ्रीपुढे टिंब आणि ‘एक्स एच-टू-ओ’ छापलेलं असतं. मुलं तेवढंच गाळतात. मग प्रोजेक्टसाठी जुन्या फाटकाचा गंज खरवडतात आणि त्यात ६९.९ टक्के लोह निघायलाच हवं असं धरून बसतात. तेवढं निघत नाही, कारण गंजात पाणी आणि हायड्रॉक्सिल गट असतात. गोएथाइटमध्ये, म्हणजे एफई-ओ-ओएचमध्ये, लोह जेमतेम ६२.९ टक्के. अशा वेळी काहीजण वाचनंच वाकवून ६९.९ आणतात. याची मला मनापासून चीड येते, कारण खरं उत्तर त्यांच्या हातात आलेलं असतं आणि ते स्वतःच खोडतात.

गंज कोरड्या परीक्षानळीत घाला, नळी थोडी तिरकी धरून तापवा. नळीच्या वरच्या थंड भागावर पाण्याचे बारीक थेंब जमतात आणि तळाची पिवळट पूड तांबडी होत जाते. ‘एक्स’ कुठून आला हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की तो गाळला जात नाही.

बाकीच्या चुका

एफई-थ्री-ओ-फोरमध्ये लोहाचा अंक आठ भागिले तीन येतो, पण ती फक्त सरासरी. प्रत्यक्षात एक फेरस आणि दोन फेरिक, एकाच स्फटिकात. त्याला दोन ऑक्साइडांचं मिश्रण म्हणू नका.

तापलेल्या लोखंडावरून वाफ नेली की एफई-थ्री-ओ-फोर आणि हायड्रोजन मिळतो. गंजाचं सूत्र तिथे चिकटवू नका.

फेरस सल्फेट जोरात तापवलं की फेरिक ऑक्साइड उरतं, एफई-ओ नाही. सोबत सल्फर डायऑक्साइड आणि ट्रायऑक्साइड, दोन्ही वायू निघतात.

चुंबकाला चिकटलं म्हणजे मॅग्नेटाइटच, म्हणजे एफई-थ्री-ओ-फोरच, असं नाही. मॅग्हेमाइटचं सूत्र एफई-टू-ओ-थ्री, तरी ते चिकटतं.

वुस्टाइटमध्ये, म्हणजे निसर्गातल्या एफई-ओमध्ये, लोह नेहमी थोडं कमी भरतं, एका ऑक्सिजनमागे साधारण ०.९५. तो आकडा ‘दुरुस्त’ करू नका.

गोव्याच्या किंवा सिंधुदुर्गातल्या रेडीच्या लोहखनिजाची प्रत सांगताना टक्के लोहाचे असतात, ऑक्साइडचे नाहीत. ५८ टक्के लोह सगळं हेमेटाइटच्या, म्हणजे खनिजातल्या एफई-टू-ओ-थ्रीच्या, रूपात असेल तर १.४३ ने गुणा: फेरिक ऑक्साइड सुमारे ८३ टक्के.