फेकजाळ्याचं शिसं घरी ओताचं असन तर साचा कसा निवडाचा

आमच्या भंडारा-गोंदियाकडे मामा तलाव (जुने मालगुजारी तलाव) आन बोड्या (लहान तळी) एवढ्या आहेत की गावात चार-दोन घरी तरी फेकजाळं खुंटीला टांगलेलं दिसतेच, आन दर पावसाळ्याआधी तोच प्रश्न, जाळं तळाला बसावं म्हणून त्याच्या घेराला लावाचं शिसं बाजारातलं तयार घेऊ का घरीच ओतू. ओतत असाल तर भाऊ सगळा खेळ साच्याचा आहे. शिसं कुठंही वितळते, 327 डिग्रीला पाणी होते, पण साचा चुकला तर नग अर्धेमुर्धे निघतात, भोक बुजते आन मग जाळं विणणारा शिव्या देते.

पहिले वजन ठरवा, साचा मागून. साधारण 8 मिलिमीटर जाड, 20 मिलिमीटर लांब आन मधात 3 मिलिमीटरचं भोक असलेली नळी ओतली तर ती 10 ग्रॅमच्या जवळपास येते. जाळ्याच्या घेराला असे 300 नग लागत असतील तर 3 किलो झाले, आता हे 3 किलो तुम्ही खांद्यावरून दिवसभर फेकणार आहात का ते आधी बघा, काहून का पोट्टे जोशात जड साचा घेतात आन दुपारपर्यंत खांदा धरून बसतात. बोडीत पाणी कमी आन शेवाळ-वेली जास्त, तिथं बारीक आन लांबट नग बरा, वेलीतून सरकत जाते. वैनगंगेच्या धारेत मात्र थोडं जड लागते, नाही तर जाळं तळाला लागायच्या आधीच वाहून जाते. दोन्हीकडं तोंडं गोल पाहिजेत, धारदार कडा असली की तीच दोरी कापते.

आता धातू. माझं मत सरळ आहे, नव्या माणसानं ॲल्युमिनियमचाच घ्यावा. वजनाला हलका, लवकर तापते, गंजत नाही आन शिसं त्याला चिकटत नाही. ॲल्युमिनियम वितळते 660 डिग्रीला म्हणून शिशाची भीती नाही. फक्त तो नरम असते, साचा उघडायला लोखंडाचा हातोडा मारू नका, लाकडाचा दांडा ठेवा. लोखंडाचा साचा जास्त टिकते, उष्णताही धरून ठेवते, पण आपल्या पावसाळ्यात दोन दिवसात तांबेरा चढते, तेल लावून ठेवा लागते आन ओतायच्या आधी ते तेल पूर्ण पुसा लागते, नाही तर नगावर खड्डे पडतात. प्लास्टर ऑफ पॅरिसच्या नादी लागूच नका. त्यात ओल राहिली की गरम शिशाखाली वाफ होते आन शिसं उडून तोंडावर येते.

दुकानात किंवा लेथवाल्याकडं साचा हातात घेतला की तो बंद करून उन्हाकडं धरून बघा. दोन फाळ्यांच्या, म्हणजे साच्याच्या दोन अर्ध्या भागांच्या, मधून उजेड दिसला तर तो तिथंच ठेवा, त्या फटीतून शिसं पसरून प्रत्येक नगाला पातळ पाख फुटते आन मग कानस घेऊन बसा. फाळ्या जुळवणाऱ्या पिना हलत नाहीत नं ते बघा. शिसं ओताचं तोंड वरून रुंद आन खाली निमुळतं पाहिजे, लय बारीक असलं की शिसं तोंडातच थिजते आन खालची नळी अर्धी राहते. हवा निघायला बारीक रेघा आहेत का तेही बघा, नसतील तर लेथवाल्याला सुईच्या टोकाएवढ्या मारून मागा. भोकासाठी जी लोखंडी सळई येते ती एका टोकाला किंचित बारीक असली तरच गरम नगातून सुटते, सरळ सळई पकडीनं ओढता ओढता हात दुखून येते.

खाने, म्हणजे एका वेळी नग ओताच्या जागा, किती? एकटे ओतणार असाल तर 4 पुरे, 6 खान्यांचा साचा धरून मनगट थकते आन एका पळीत सगळे भरतही नाहीत.

ऑनलाइन साचा शोधला की मधातच पिस्तुलाच्या गोळ्यांचे साचे दिसतात, स्वस्त वाटतात, पण ते मागवूच नका. आपल्याकडं 1959 च्या शस्त्र कायद्यात बिनपरवान्यानं काडतूस बनवणं गुन्हा आहे, आन तसाही त्या नगाला भोक नसते, जाळ्याला काय कामाचा.

शिसं कोणतं यावरही नगाचा दर्जा ठरते. नखानं ओरखडा पडला तर नरम, जाळ्यावर चिमटून बसवाचं असन तर असंच पाहिजे. गाडीच्या चाकाला लागणाऱ्या वजनात आता जस्त आन लोखंडही येते, जस्त 419 डिग्रीला वितळते म्हणून आच कमी ठेवा, ते वर तरंगताना पळीनं काढून टाका, मिसळलं की साचा नीट भरत नाही. बॅटरी फोडून शिसं काढू नका, त्यात तेजाब असते आन तापवल्यावर विषारी वायू निघते.

ओतायच्या आधी साच्याच्या आत दिव्याची काजळी धरा आन आचेजवळ ठेवून त्याला चांगला तापवा. पहिले काही नग सुरकुतलेले निघतीन, म्हणजे साचा थंड आहे, ते परत कढईत टाका. वरून साखर शिंपडल्यासारखे पांढुरके निघाले की समजा साचा लय तापला, थोडं थांबा. कढई लोखंडाची आन फक्त ह्याच कामाची, ती परत रांधणीत नको. काम अंगणाच्या टोकाला, वारा पाठीमागून, पायात बूट, डोळ्याला चष्मा आन कढईजवळ पाण्याचा थेंब नाही. लहान पोरं आन पोटुशी बाई जवळ नको. वर आलेली मळी डब्यात भरून ठेवा, गोठ्याकडं टाकली तर जनावरं चाटतात आन मरतात. हात साबणानं धुतल्याशिवाय खर्रा तोंडात टाकू नका, आपल्याकडं तेवढंच लोकं विसरून राहिले.

काम झालं की साचा उघडा ठेवून थंड करा, पाण्यात बुडवू नका, ॲल्युमिनियम वाकते आन मग उन्हाकडं धरला की फटीतून उजेड दिसतेच.