फुटबॉलच्या निकालांवर आणि टीमच्या फॉर्मवर वाद घालताना या चुका टाळा

शनिवारी रात्री इंग्लंडात सामना संपतो आणि रविवारी सकाळी विश्रामबागच्या चहाच्या गाड्यावर त्याचा निकाल लागतो. "संपली मर्दा आपली टीम. आधी कोचला हाकला." पुढच्या शनिवारी तीच टीम तीन गोल मारते आणि तोच गडी म्हणतो, "लई फॉर्मात हाय, यंदा कप आपलाच." मधल्या आठ दिवसांत टीम फारशी बदललेली नसते, स्कोअर तेवढा बदललेला असतो. वाद घालायलाच हवा, नाहीतर अर्ध्या रात्री जागून सामने बघायचे कशाला? पण सांगली-मिरजेतले बरेचसे वाद ठरावीक चुकांपाशीच अडतात.

स्कोअर म्हणजेच खेळ, असं समजणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. ५ मार्च २०२५ रोजी चॅम्पियन्स लीगमध्ये, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेत, पॅरिसला तिथला पीएसजी आणि इंग्लंडचा लिव्हरपूल यांच्या दोन सामन्यांतला पहिला सामना झाला. पीएसजीने २७ फटके मारले, लिव्हरपूलने दोन. त्यातल्या एकावर ८७व्या मिनिटाला हार्वी एलियटने गोल केला आणि लिव्हरपूल १-० ने जिंकलं. नुसता स्कोअर वाचणाऱ्याने पीएसजीला तिथेच निकालात काढलं. सामना पाहिलेल्याला दिसलं होतं की गोलरक्षक ॲलिसन नसता तर मध्यंतरालाच खेळ आटोपला असता. परतीच्या सामन्यात लिव्हरपूलच्या ॲनफिल्ड मैदानावर पीएसजी १-० ने जिंकली, दोन्ही सामन्यांची बेरीज १-१ झाली म्हणून घेतलेला पेनल्टींचा टायब्रेकर ४-१ असा मारला आणि ३१ मे रोजी म्युनिकच्या अंतिम सामन्यात इटलीच्या इंटरला ५-० ने धुऊन कप नेला.

असं होतं कारण फुटबॉलमध्ये गोल फार कमी पडतात. सामन्याला दोन-तीनच गोल होत असतील, तर बचावपटूच्या पायाला लागून वळलेला एखादा चेंडू किंवा एखादी पेनल्टी अख्खा निकाल फिरवते. कृष्णेच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ३५ फुटांवर आहे, एवढं ऐकून सांगलीकर निवांत झोपत नाही. कोयना धरणातून विसर्ग किती सुटलाय आणि वर पाऊस किती आहे, हे तो आधी विचारतो. स्कोअर हा पुलाजवळचा आकडा आहे. पुढे काय होणार ते वरच्या विसर्गावर, म्हणजे टीम किती आणि कसल्या संधी तयार करते यावर ठरतं.

हा विसर्ग मोजायला एक्सजी (एक्सपेक्टेड गोल्स, म्हणजे अपेक्षित गोल) नावाचा आकडा असतो. गोलपासूनचं अंतर, कोन, पायाने मारला की डोक्याने, पास कसा आला, हे बघून प्रत्येक फटक्यावर गोल होण्याच्या शक्यतेला ० ते १ मधला अंक देतात आणि त्यांची बेरीज करतात. पेनल्टीचा अंक साधारण ०.७६ ते ०.७९ धरतात. आता एक्सजीवाल्यांच्याही चुका असतात. "आम्ही २.१, तुम्ही ०.९, लुटलं आम्हाला" असं कोणी म्हणालं तर आधी पेनल्टी किती होत्या ते विचारा. दोन पेनल्टी असतील तर जवळजवळ १.५६ तिथेच गेले. चालू खेळातून उरले ०.५४, म्हणजे त्या टीमने नव्वद मिनिटांत धड एक सोपी संधीही तयार केली नाही. दुसरं, दोन वेबसाइटींचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, कारण प्रत्येकाचं गणित वेगळं असतं. तुलना करायची तर एकाच ठिकाणचे आकडे घ्या. तिसरं, एका सामन्याच्या एक्सजीवर भांडू नका. आठ-दहा सामन्यांची बेरीज घ्या, मग त्याला काही अर्थ येतो.

आणखी एक गोष्ट आकड्यांत लपते: त्या वेळी स्कोअर काय होता. विसाव्या मिनिटाला २-० पुढे गेलेली टीम मागे सरकते, चेंडू सोडून देते, वेळ काढते. पुढच्या सत्तर मिनिटांत समोरच्याने पंधरा फटके मारले म्हणून तो "वरचढ" होत नाही, त्याला तेवढी मोकळीक मुद्दाम दिलेली असते. बरोबरी असताना कोण चांगलं खेळलं, एवढंच बघा. चेंडूवरच्या ताब्याचंही असंच. २०२२ च्या विश्वचषकात जपानने स्पेनला २-१ ने हरवलं, तेव्हा जपानकडे चेंडू जेमतेम १८ टक्के वेळ होता. ताबा ही खेळायची एक पद्धत आहे, गुणवत्तेचं माप नाही. हे अजून काही लोकांच्या गळी उतरत नाही.

शेवटचे पाच सामने बघून फॉर्म ठरवणं

ॲपवर टीमच्या नावापुढे पाच रंगीत ठिपके असतात, विजय, बरोबरी, हार. लोक ते बघतात आणि थेट निकाल देतात. पहिली गडबड अगदी साधी आहे. कुठे ताजा सामना उजवीकडे असतो, कुठे डावीकडे. सावरत आलेली टीम उलट वाचली की घसरत चाललेली दिसते. कालचा निकाल कोणत्या टोकाला आहे, हे आधी तपासा.

दुसरी गडबड "अपराजित" या शब्दाची. पाच सामने पाच बरोबऱ्या, टीम अपराजित, गुण पाच. तीन विजय आणि दोन हारी, टीम "डळमळीत", गुण नऊ. विजयाला तीन गुण असताना बरोबरीचा एवढा अभिमान परवडत नाही. लांबलचक अपराजित मालिकाही पुढच्या सामन्याची हमी देत नाही. अर्जेंटिना ३६ सामने न हरता २०२२ च्या विश्वचषकाला कतारला गेली आणि पहिल्याच सामन्यात सौदी अरेबियाकडून १-२ ने हरली. त्या हारीवरून "मेस्सी संपला" म्हणणाऱ्यांचं पुढे काय झालं, ते जगाला माहीत आहे. त्या सामन्याच्या पूर्वार्धात अर्जेंटिनाचे तीन गोल ऑफसाइडमुळे, म्हणजे पास सुटण्याआधीच खेळाडू बचावफळीच्या पुढे गेल्यामुळे, रद्द झाले होते. खेळ तोच होता, बचावफळीच्या मागे धावायची वेळ तेवढी चुकत होती.

तिसरी गडबड सगळ्या स्पर्धा एकत्र घोटण्याची. २०२४-२५ मध्ये टॉटनहॅम प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या सगळ्यात वरच्या साखळीत, २२ सामने हरली, ३८ गुणांवर १७वी आली आणि त्याच मोसमात युरोपा लीग ही युरोपातली दुसऱ्या नंबरची स्पर्धा जिंकली. अंतिम सामन्यात तिने हरवलेली मँचेस्टर युनायटेड लीगमध्ये १५वी होती. यातला कोणता फॉर्म खरा? दोन्ही. कोच कोणत्या स्पर्धेत पहिली फळी उतरवतो आणि कुठे पोरांना खेळवतो, हे मांडल्याशिवाय दोन्हींची बेरीज करू नका. मोसमाआधीचे सरावसामने तर हिशेबात घेऊच नका. तिथे मध्यंतराला अख्खी टीम बदलतात.

पाच ठिपक्यांऐवजी एक कागद घ्या आणि प्रत्येक सामन्यासाठी पाच रकाने भरा: समोरची टीम तेव्हा कितव्या स्थानावर होती, घरचं मैदान की बाहेरचं, आधीच्या सामन्यानंतर विश्रांती किती दिवसांची, लाल कार्ड पडलं का आणि कितव्या मिनिटाला, पहिला गोल कोणी केला. दहा मिनिटांचं काम आहे. सलग चार विजय मिळवलेली टीम या कागदावर अनेकदा अशी दिसते: तीन सामने घरी, तळाच्या टीमांशी, त्यातल्या एकात समोरचे अर्ध्या तासात दहाजण उरलेले. उलट तीन सामने हरलेली टीम पहिल्या चारांपैकी तिघांशी बाहेर खेळून आलेली असते आणि गुरुवारी रात्री युरोपात खेळून रविवारी दुपारी पुन्हा मैदानात उतरलेली असते.

प्रीमियर लीगमध्ये २० टीमा आणि ३८ सामने आहेत, म्हणजे प्रत्येकाशी एकदा खेळून व्हायला १९ सामने लागतात. तोवर प्रत्येकाचा पेपर वेगळा. त्यावर एक चांगला उपाय म्हणजे गेल्या मोसमातल्या त्याच सामन्यांशी तुलना. गेल्या वर्षी याच टीमांशी, याच मैदानांवर किती गुण मिळाले होते आणि यंदा किती? खालच्या लीगमधून वर आलेल्या तीन टीमांच्या जागी गेल्या वर्षी खाली गेलेल्या तीन धरायच्या. "आठ सामन्यांत बाराच गुण" असा ओरडा चाललेला असताना, याच आठांत गेल्या वर्षी नऊच होते असं निघालं, तर ओरडणाऱ्याला चहा पाजा आणि विषय बदला.

"गेल्या वीस वर्षांत आपण तिथे जिंकलो नाही" हे वाक्य मात्र ऐकून सोडून द्या. वीस वर्षांपूर्वीचा एकही खेळाडू आज मैदानात नसतो.

गुणतक्ता अर्धा वाचणं

हातात दोन सामने, म्हणजे इतरांपेक्षा दोन सामने कमी खेळलेले, याचा अर्थ सहा गुण खिशात असा नव्हे. ते सामने कोणाशी आणि कुठे, ते बघा. गुण सारखे झाले तर पुढे कोण, हा नियम लीगप्रमाणे बदलतो. इंग्लंडमध्ये आधी गोलफरक (केलेले गोल वजा खाल्लेले गोल) बघतात. २०११-१२ मध्ये मँचेस्टरच्या दोन्ही टीमांचे ८९ गुण झाले आणि सिटी ६४ विरुद्ध ५६ अशा गोलफरकावर विजेती ठरली. स्पेनमध्ये आधी त्या दोघांतल्या सामन्यांचा हिशेब होतो. २००६-०७ मध्ये रियाल माद्रिद आणि बार्सिलोना दोघांचे ७६ गुण होते आणि बार्सिलोनाचा गोलफरक कितीतरी चांगला होता. तरी आपसात रियालने एक सामना जिंकून दुसरा बरोबरीत सोडवला होता, म्हणून विजेतेपद रियालला गेलं. प्रीमियर लीगचं गणित घेऊन स्पेनच्या ला लीगावर वाद घालाल तर हराल.

कधी विजय-बरोबऱ्यांची बेरीज केली तरी गुण जुळत नाहीत. ती ॲपची चूक असेलच असं नाही. २०२३-२४ मध्ये आर्थिक नियम मोडल्याबद्दल एव्हर्टनचे एकूण आठ आणि नॉटिंगहॅम फॉरेस्टचे चार गुण कापले गेले होते. फॉर्म मोजताना कापलेले गुण पुन्हा जमा करून धरा, कारण मैदानावर ते कमावलेले असतात.

चॅम्पियन्स लीगचा तक्ता २०२४-२५ पासून पार बदलला आहे. ३६ टीमांचा एकच तक्ता, प्रत्येकी आठ सामने. पहिल्या आठ थेट शेवटच्या सोळांत, नववी ते चोविसावी प्ले-ऑफमध्ये, बाकीच्या घरी. पहिल्या पाच सामन्यांत चारच गुण मिळवलेली पीएसजी पंधरावी आली, प्ले-ऑफमधून पुढे गेली आणि शेवटी कप जिंकली. आणि हो, "बाहेरच्या मैदानावरचा गोल भारी" (दोन सामन्यांची बेरीज सारखी झाली तर बाहेर जास्त गोल केलेली टीम पुढे) हा नियम युएफा या युरोपच्या फुटबॉल संघटनेने २०२१ मध्येच रद्द केला आहे. तो अजून आपल्याकडे चर्चेत जिवंत आहे.

भारतातही घोळ होतो. आयएसएलमध्ये (इंडियन सुपर लीग) २०२४-२५ च्या मोसमापर्यंत साखळीत पहिल्या येणाऱ्या टीमला शिल्ड मिळायची आणि बाद फेऱ्या जिंकणारीला कप. २०२३-२४ मध्ये शिल्ड मोहन बागानची, कप मुंबई सिटीचा. "चॅम्पियन कोण" असं विचारण्याआधी कशाचा, ते सांगा.

कोच बदलला की टीम सुधारते, असं मानणं

कोचला बहुतेक वेळा हाकलतात ते टीम तळाला गेल्यावर आणि नशीबही रुसलेलं असताना. तिथून पुढचे पाच सामने आधीच्यापेक्षा बरे जाण्याची शक्यता तशीही जास्त असते, मग बाकावर कोणीही बसो. नव्या कोचचं श्रेय मोजायचं तर त्याच्या आधीचे पाच वाईट सामने तुलनेला धरू नका, आधीचे वीस धरा. शिवाय नव्या माणसाला पहिल्या महिन्यात सोपे सामने मिळाले का, हेही बघा.

जखमी खेळाडूंच्या बाबतीत उलटी चूक होते. टीम पुढचा सामना जिंकली की "त्याच्यावाचून काही अडत नाही" म्हणून मोकळे. सप्टेंबर २०२४ मध्ये मँचेस्टर सिटीचा रोद्री गुडघ्याच्या दुखापतीने बाहेर गेला. पुढचा महिनाभर सिटी बऱ्यापैकी जिंकत राहिली आणि मग ऑक्टोबरअखेरपासून तेरा सामन्यांत एकच विजय. सगळं खापर एका गैरहजेरीवर फोडता येणार नाही, पण आघाडीपटू नसला की लगेच दिसतं आणि मध्यरक्षक नसला की उशिरा. बदली खेळाडू दमेपर्यंत चालून जातं.

घरच्या मैदानाचा फायदा मात्र खरा आहे आणि त्यात प्रेक्षकांचा वाटा मोठा आहे. २०२०-२१ मध्ये मैदानं जवळपास रिकामी होती, तेव्हा प्रीमियर लीगमध्ये यजमानांनी १४४ आणि पाहुण्यांनी १५३ सामने जिंकले.

वेळ, तारीख आणि टायब्रेकर

इंग्लंडात दुपारी तीनचा सामना आपल्याकडे उन्हाळी वेळेत साडेसातला आणि हिवाळ्यात साडेआठला सुरू होतो. घड्याळं ऑक्टोबरच्या आणि मार्चच्या शेवटच्या रविवारी बदलतात. चॅम्पियन्स लीगचे रात्रीचे सामने आपल्याकडे साडेबाराला किंवा दीडला, म्हणजे मंगळवारचा सामना आपल्या बुधवारी. गजर लावताना तारीख हमखास चुकते. मोबाइलवरचं प्रक्षेपण मैदानापेक्षा मागे असतं आणि स्कोअरचं ॲप त्याच्या पुढे, तेव्हा सामना बघत असाल तर ॲपच्या सूचना बंद ठेवा. ग्रुपवर सकाळी आठच्या आत स्कोअर टाकायचा नाही, एवढा नियम केला तरी निम्मी भांडणं मिटतील.

टायब्रेकरवर लागलेला सामना नोंदीत बरोबरीचाच असतो. २०२२ च्या विश्वचषकाचा अर्जेंटिना-फ्रान्स अंतिम सामना ३-३, त्यानंतर टायब्रेकर ४-२. टायब्रेकरमधले गोल खेळाडूच्या खात्यात जात नाहीत. फ्रान्सच्या एम्बापेचे त्या विश्वचषकातले आठ गोल त्याशिवायचे आहेत.

कोल्हापूरला शाहू स्टेडियमवर पाटाकडील, दिलबहार किंवा प्रॅक्टिस या क्लबांचे सामने बघायला जाणाऱ्यांनी हे जास्तच लक्षात ठेवावं. तिथे केएसएची (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन) साखळी स्पर्धा असते आणि त्याखेरीज चषकांच्या बाद फेऱ्या. चषकात टायब्रेकरवर हरलेली टीम "फॉर्म गेला" म्हणून बदनाम होते, आणि इथे एक्सजी मोजायला कोणी बसलेलं नसतं. म्हणून वहीत हाताने टिपा: मध्यंतराचा स्कोअर, प्रत्येक गोलचं मिनिट, गोल कॉर्नर-फ्री किकवर की चालू खेळातून, गोलच्या चौकटीवर गेलेले फटके दोन्ही बाजूंचे, कार्डं, आणि बाहेरून आणलेले खेळाडू कोण खेळले, कोण नाही. टायब्रेकरला वेगळा रकाना ठेवा. टर्फवरच्या पाच-पाच जणांच्या सामन्यांचे निकाल या वहीत घालू नका. लहान मैदान, फिरते बदली खेळाडू, तिथला १०-८ हा स्कोअर मोठ्या मैदानावरच्या बचावाबद्दल काहीच सांगत नाही.