डायरीशेजारी एक वही: पेशीच्या गर्दीत वकिलाने कामं कशी सांभाळावीत

अंबाजोगाईच्या कोर्टात वकिली करणाऱ्या कुणाचीही डायरी उघडा. एका पेशीच्या, म्हणजे सुनावणीच्या तारखेच्या, पानावर आठ-दहा प्रकरणं, प्रत्येकापुढे नंबर, पक्षकारांची नावं आणि शेवटी एकच शब्द: ‘पुरावा’, ‘से’ (समोरच्या बाजूचं म्हणणं), ‘समन्स’, ‘युक्तिवाद’. त्या दिवशी कोर्टात काय व्हायचंय ते हा शब्द सांगतो. त्याआधी आपल्याला काय करावं लागेल, हे मात्र डायरीत कुठेच नसतं. आदल्या रात्रीची आपली सगळी धावपळ या न लिहिलेल्या कामांचीच असते.

मला हे एका वाटणीच्या दाव्याने शिकवलं. डायरीत ‘पुरावा’ लिहिलं होतं. आदल्या रात्री फाईल उघडली तेव्हा लक्षात आलं की १९५४-५५ च्या खासरा पाहणीपत्रकाची, म्हणजे जमिनीच्या जुन्या महसुली नोंदीची, प्रमाणित नक्कलच फाईलला नाही. मराठवाड्यात जमिनीचा वाद त्या कागदावाचून पुढे सरकत नाही. सकाळी तारीख मागितली, कोर्टाने खर्च बसवून दिली. पक्षकार सत्तरीचे, धारूरकडच्या खेड्यातून पहाटेची एसटी धरून आलेले. ‘पुढच्या पेशीला या काका’ म्हटल्यावर ते काही बोलले नाहीत, पिशवी उचलून निघाले. त्याच आठवड्यात मी डायरीशेजारी दुसरी वही ठेवायला लागलो. ती पद्धत अशी.

वही त्याच संध्याकाळी भरा

कोर्टातून ऑफिसला आल्यावर, पक्षकार यायच्या आधी, अर्धा तास. त्या दिवशीचं प्रत्येक प्रकरण घ्यायचं आणि पुढच्या पेशीपर्यंतची कामं लिहायची. प्रत्येक ओळीत तीन गोष्टी हव्यात: काय करायचं, कोण करणार, कधीपर्यंत. वरच्याच दाव्याचं पान आज मी असं लिहीन:

पेशी २० ऑगस्ट, पुरावा.
पाहणीपत्रकाच्या नकलेसाठी तहसीलला अर्ज देणे. मुन्शी (ऑफिसचा कारकून). उद्या.
नक्कल तयार झाली का, विचारणे. मुन्शी. ३० जुलै.
सरतपासाचं (आपल्याच साक्षीदाराच्या जबाबाचं) शपथपत्र लिहिणे. मी. ५ ऑगस्ट.
काकांना बोलावून वाचून दाखवणे, सही. ज्युनिअर. १२ ऑगस्ट.
समोरच्या वकिलांना प्रत देणे. ज्युनिअर. १८ ऑगस्ट.

नुसतं ‘नक्कल’ असं लिहू नका. ‘अर्ज देणे’, ‘विचारणे’, ‘आणणे’ असं क्रियापदासकट लिहा. नुसत्या ‘नक्कल’वरून अर्ज दिलाय की द्यायचाय हे चार दिवसांनी आपल्यालाच आठवत नाही. आणि निजामाच्या काळातला उर्दू दस्त असेल तर त्याची ओळ सगळ्यात आधीच्या तारखेला टाका. तो वाचून भाषांतर करून देणारी माणसं आता थोडी राहिलीत.

मुदती वेगळ्या पानावर, लाल शाईने

पेशी पुढे जाऊ शकते, मुदत आपण मागितली म्हणून जात नाही. म्हणून या दोन्ही गोष्टी एका रांगेत लिहू नयेत. विलंबमाफीचा अर्ज करता येतो हे खरं, पण तो मंजूर होईपर्यंत पक्षकाराचा जीव टांगणीला लागतो.

अपिलाचंच घ्या. दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यावर, म्हणजे निकालाच्या आदेशावर, जिल्हा न्यायालयात अपील करायला ३० दिवस असतात, उच्च न्यायालयात ९०. समजा निकाल ३ मार्चला लागला. तो दिवस सोडून मोजलं तर तिसावा दिवस २ एप्रिल. निकालाच्या नकलेचा अर्ज १० मार्चला दिला आणि नक्कल २१ मार्चला मिळाली, तर ते १२ दिवस वगळले जातात आणि मुदत १४ एप्रिलवर जाते. त्या दिवशी आंबेडकर जयंतीची सुट्टी, म्हणून १५ एप्रिलला दाखल केलेलं चालतं. हिशेब बरोबर आहे, तरी मी लाल शाईने २ एप्रिलच लिहितो आणि त्याच्या आठवडाभर आधी, २६ मार्चला, ‘अपील तयार’ असं टाकतो. वगळलेल्या दिवसांकडे अडचणीच्या वेळची शिल्लक म्हणून बघावं. ती आधीच खर्चायला काढू नये. नकलेचा अर्ज तर निकालाच्याच दिवशी द्यावा.

चेक न वटल्याच्या प्रकरणात तर एकामागून एक तीन मुदती लागतात. चेक परत आल्याचं बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यापासून १५ दिवस समोरच्याला पैसे द्यायला, आणि ते संपल्यावर महिन्याच्या आत फिर्याद. तिन्ही तारखा पहिल्याच दिवशी लिहून होत नाहीत, कारण दुसरी मुदत नोटीस कधी पोचली त्यावर ठरते. म्हणून ‘पोस्टाच्या ट्रॅकिंगची प्रिंट काढणे’ हीसुद्धा वहीतली एक ओळ असते.

कैफियतीची (दाव्याला प्रतिवादीच्या लेखी उत्तराची) मुदत समन्स बजावल्यापासून ३० दिवस, कोर्टाने वाढवली तर ९०. आरोपी कोठडीत असेल तर पोलिसांना दोषारोपपत्र दाखल करायला असलेले ६० किंवा ९० दिवस आपणही मोजायचे, कारण मुदत संपल्यावर मिळणाऱ्या जामिनाचा अर्ज दोषारोपपत्र येण्याआधी पडला पाहिजे. इथे एका दिवसाच्या उशिराने माणूस आत राहतो.

साक्षीदाराचं वर्ष ओळखा

याबद्दल बार रूममध्ये फार कुणी बोलत नाही. आपल्या बीड जिल्ह्यातला साक्षीदार ऊसतोड कामगार असेल तर दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळी निघते, ती मार्च-एप्रिलमध्ये परत येते. जानेवारीत त्याचा पुरावा लावून घेतला तर तो साताऱ्याच्या नाहीतर कर्नाटकातल्या फडात असतो आणि मुकादमाची उचल घेतलेली असल्याने सहज परतता येत नाही. सोयाबीन काढणीच्या दिवसांत शेतकरी साक्षीदाराचंही तसंच. मी फाईलच्या आतल्या बाजूला साक्षीदाराचं नाव, धंदा आणि ‘गावात कधी असतो’ हे लिहून ठेवतो. तारीख मागताना कोर्टासमोर हे कारण नीट मांडलं तर विचार होतो, असा माझा अनुभव आहे. उन्हाळी सुट्टीआधीचे आठवडे या साक्षीदारांसाठी राखून ठेवावेत.

पक्षकार, फोन आणि सकाळ

तालुक्याच्या गावी बाजाराच्या दिवशी पक्षकारांची रीघ लागते. त्या संध्याकाळी लिखाणाचं काम ठेवूच नका. लिखाण सकाळी, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. दीड तास सलग मिळाला तर दिवसभर तुकड्यांत न होणारा युक्तिवाद लिहून होतो. ‘माझ्या केसचं काय झालं?’ असे फोन कमी करायचे असतील तर पेशी संपल्यावर ज्युनिअरने पक्षकाराला दोन ओळींचा निरोप पाठवावा: आज काय झालं, पुढची तारीख कोणती, यायची गरज आहे की नाही. ‘यायची गरज नाही’ या तीन शब्दांनी कुणाची तरी एक दिवसाची मजुरी वाचते.

ॲपचा उपयोग

ई-कोर्ट्स सेवांच्या मोबाईल ॲपमध्ये प्रत्येक प्रकरणाचा सोळा अक्षरांचा सीएनआर क्रमांक (प्रकरणाचा ओळखक्रमांक) टाकून आपली यादी तयार करता येते. केज, परळी, अंबाजोगाई अशी तीन कोर्टं सांभाळणाऱ्याला एका दिवशी कुठे काय आहे ते एका नजरेत दिसतं. छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठातल्या प्रकरणांसाठी उच्च न्यायालयाचा बोर्ड (त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी) आदल्या संध्याकाळी वेगळा बघावा. ॲपमधली यादी फोनमध्येच साठवलेली असते, तेव्हा महिन्यातून एकदा तिचा बॅकअप घ्या. आणि ॲपवर तारीख दिसली तरी रोजनामा (कोर्टाने त्या दिवशी केलेली नोंद) बघितल्याशिवाय वहीत काही लिहू नका.

काम सोपवताना

ज्युनिअरला ‘बघून घे’ म्हणणं म्हणजे काम सोपवणं नाही. कधी परत विचारणार ती तारीख त्याच्यासमोर वहीत लिहा.

शनिवारी, तारीख नसलेल्या फाईली

ज्या फाईलीला तारीख आहे ती डायरी आपल्यापुढे आणतेच. धोका असतो तो कपाटातल्या फाईलींचा. शासनाला दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची नोटीस देऊन दोन महिने वाट बघत असलेला दावा, हुकूमनामा मिळूनही दरखास्त (अंमलबजावणीचा अर्ज) न केलेलं प्रकरण, तडजोड ‘होईल’ म्हणून बांधून ठेवलेली फाईल. दर शनिवारी कपाटाचा एक कप्पा घ्या, प्रत्येक फाईल उघडा आणि वर चिठ्ठी लावा: पुढचं काम, तारीख, कुणाकडे. माझ्या कपाटाला चार कप्पे आहेत, त्यामुळे महिन्यातून एकदा प्रत्येक फाईल हातात येते. गेल्या महिन्यात तिसऱ्या कप्प्यात एक हुकूमनामा सापडला, अकरा वर्षं झालेला. दरखास्तीला अजून वर्ष शिल्लक होतं. सोमवारी पक्षकाराला बोलावून घेतलं.