नागपंचमीच्या पातोळ्या, मुलांच्या हातच्या

कोकणात लहान मुलांना सणाच्या स्वयंपाकात घ्यायचे असेल, तर सुरुवात गणपतीतल्या उकडीच्या मोदकांपासून न करता नागपंचमीच्या पातोळ्यांपासून, म्हणजे हळदीच्या पानात तांदळाचे पीठ आणि गूळ-नारळाचे सारण घालून वाफवलेल्या गोड पदार्थापासून करावी, असे माझे ठाम मत आहे. मोदकाच्या कळ्या मोठ्यांनाही चटकन जमत नाहीत आणि गरम उकड मळणे चिमुकल्या हातांना झेपत नाही. उलट श्रावण शुद्ध पंचमीला आपल्याकडे पुष्कळ घरांत चिरणे, तळणे आणि तवा चढवणे वर्ज्य असते. त्यामुळे विळी, उकळते तेल आणि तापलेला तवा या तिन्ही गोष्टी त्या दिवशी आपोआप दूर राहतात आणि सांभाळायची उरते ती एक वाफ.

चिरायचे नसल्यामुळे बरीचशी तयारी मात्र आदल्या दिवशीच उरकावी लागते. श्रावणात परसातली हळद पानांनी डवरलेली असते. मुलांना सोबत नेऊन रुंद, न फाटलेली 12 ते 14 पाने खुडावीत आणि घरी आल्यावर त्यांचे देठ मोठ्यांनी कापून ठेवावेत. त्याच संध्याकाळी 2 वाट्या नारळाचा चव आणि 1 वाटी चिरलेला गूळ मंद आचेवर ठेवून सारण करावे, त्यात चिमूटभर मीठ, वेलची आणि थोडे जायफळ घालावे. गूळ विरघळून पाणी आटत आले, पण सारण अजून ओलसर आहे, अशा वेळी ते उतरवावे. कारण निवल्यावर ते आणखी घट्ट होते. या कामात मुलांना अजिबात घेऊ नये. पातळ झालेला गरम गूळ कातडीला चिकटून राहतो आणि पाण्यापेक्षा वाईट भाजतो. सारण पूर्ण निवले की फ्रिजमध्ये ठेवावे.

पंचमीच्या सकाळी 2 वाट्या तांदळाच्या पिठात चिमूटभर मीठ आणि चमचाभर तूप घालून ते बेताबेताने पाणी घालत भिजवावे. पीठ भज्यांच्या पिठाहून थोडे घट्ट असावे, म्हणजे पान तिरके केले तरी ओघळत नाही. काही घरांत पाण्याऐवजी तवशाच्या (मोठ्या काकडीच्या) रसात पीठ भिजवतात आणि त्याची चव सुरेख लागते, पण तवसे किसावे लागत असल्याने तो बेत दुसऱ्या दिवसासाठी राखावा.

यापुढचे काम मुलांचे. तीन-चार वर्षांच्या मुलाला धुतलेली पाने पंच्याने पुसायला द्यावीत. ते काम मुले फार मन लावून करतात. पाच-सहा वर्षांच्या मुलाने बोटे पाण्यात बुडवून पानावर पीठ पसरावे. थर कुठे जाड, कुठे पातळ होणारच. पान दिसू लागले असेल तेवढ्याच जागी आपण हात लावावा, बाकी काही दुरुस्त करू नये. मग मधल्या शिरेच्या एका बाजूला चमचा-दीड चमचा सारण पसरून पान लांबीत दुमडावे आणि कडा हलकेच दाबाव्यात. सारण जास्त भरायचा मोह मुलांना होतोच, म्हणून मोजायला एकच लहान चमचा द्यावा.

मोदकपात्रात पाणी उकळल्यावर पातोळ्या मोठ्यांनी ठेवाव्यात आणि 12 ते 15 मिनिटे वाफवाव्यात. या वेळी मुले ओट्यापासून दोन पावले लांब असावीत, आणि झाकण उघडताना त्याची कड आपल्यापासून पलीकडे उचलावी, म्हणजे वाफ तिकडे जाते. माझी मुलगी एकदा वास घ्यायला नेमकी त्या क्षणी पुढे आली आणि तिचा गाल थोडा पोळला. तेव्हापासून आमच्याकडे झाकण उघडण्याआधी मुलांना नावाने हाक मारून पाटावर बसवले जाते.

नैवेद्याआधी चाखायचे नसते आणि लहान मुलांना धीर नसतो, म्हणून पहिला घाणा चार-पाच पातोळ्यांचाच करावा, नैवेद्य दाखवावा आणि मगच बाकीच्या वाफवायला घ्याव्यात. पान लगेच ओढले तर पातोळी तुटते. पाच-सात मिनिटे निवू दिल्यावर ते अलगद सुटते आणि पानाच्या शिरांची नक्षी पातोळीवर उमटलेली दिसते. पान सोलण्याचा मान मुलांचाच, फक्त पान खायचे नसते हे त्यांना आधी सांगून ठेवावे. वर साजूक तूप घालावे. पावसाळी दमट हवेत ओला नारळ लवकर आंबतो, तेव्हा उरलेल्या पातोळ्या पानासकट फ्रिजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी पाच मिनिटे वाफवून खाव्यात.