थंडीच्या हंगामाआधी सोलापुरी चादर-टॉवेलच्या ऑनलाइन दुकानाची तयारी

ही तयारी घटस्थापनेच्या आत उरकायची. एकदा दिवाळीची आणि पाठोपाठ थंडीची मागणी सुरू झाली की फोटो बदलायला, मोजमाप तपासायला कुणालाच सवड मिळत नाही, आणि मग डिसेंबरभर गेलेल्या मालाइतकाच परत आलेला माल मोजत बसावं लागतं.

पहिल्यांदा तपासायचा तो 'चादर' हा शब्द. आपल्याकडे चादर म्हणजे अंगावर घ्यायची, जाड, जॅकार्डवर (मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्रणेवर) विणलेली. हिंदी मुलखात चादर म्हणजे गादीवर अंथरायची, आणि तिच्यासोबत उशीचे अभ्रे असणार हे गृहीतच. इंदूरच्या किंवा लखनौच्या बाई 'डबल बेड चादर' शोधतात, मयूरपंखी नक्षी आवडते, मागवतात. पुडकं उघडल्यावर जाड पांघरूण निघतं आणि अभ्रे नसतात. त्या ती परत पाठवणारच, आणि कारणाच्या रकान्यात 'चुकीची वस्तू आली' असंच लिहिणार. ग्राहक वाचत नाही ही तक्रार आपण सगळेच करतो. पण या बाईंनी एक शब्द वाचला होता, आणि तो आपणच लिहिला होता.

म्हणून शीर्षकात पहिल्या चार-पाच शब्दांतच वापर सांगायचा, कारण मोबाइलवर पुढचं शीर्षक कापलं जातं. 'सोलापुरी जॅकार्ड चादर, अंगावर घेण्यासाठी, १ नग, ६० बाय ९० इंच' इतकं पुरे. हिंदीत 'ओढ़ने की चादर' हे शब्द हवेतच. हे तीन शब्द जेवढं काम करतात तेवढं खालचं दहा ओळींचं वर्णन करत नाही. वर्गवारीही पाहून घ्या. माल बेडशीटच्या वर्गात टाकला तर अभ्र्यांचा रकाना आपोआप समोर येतो आणि घाईत तिथे काहीतरी भरलं जातं. पांघरूण-ब्लँकेटचा वर्ग निवडा. बेडशीटच्या वर्गात माल जास्त दिसतो हे खरं, पण तिथून येणारी ऑर्डर परत जाण्यासाठीच आलेली असते.

मग मोजमाप आणि नग. 'सिंगल' आणि 'डबल' हे शब्द एकटे कधीच ठेवू नका. 'डबल' म्हणजे दोन चादरी असं समजणारे ग्राहक भरपूर आहेत, आणि किंमत जरा जास्त दिसली की त्यांची खात्रीच पटते. 'एका माणसासाठी, १ नग' आणि 'दोन माणसांसाठी, १ नग' असं लिहा. ६० बाय ९० इंच म्हणजे पाच फूट बाय साडेसात फूट, म्हणजेच सुमारे १५२ बाय २२९ सेंटिमीटर. तिन्ही लिहा. माणूस अंथरुणाचा अंदाज फुटात करतो, वेष्टनावर कायद्याला मेट्रिक एकक लागतं, आणि व्यापारात आपण इंचात बोलतो. गंमत म्हणजे आकारावरून होणाऱ्या भांडणांत चादर खरोखर लहान असतेच असं नाही. ग्राहकाने मनात धरलेला आकार वेगळा असतो. फुटाचा आकडा दिसला की तो तिथल्या तिथे पलंगाशी ताडून बघतो.

आकडे मागच्या वर्षीच्या माहितीवरून उतरवून घेऊ नका. प्रत्येक लॉटमधल्या पाच चादरी सपाट फरशीवर, न ताणता, घडीच्या सुरकुत्या हाताने मोडून मोजा आणि सगळ्यांत लहान निघालेलं माप लिहा. दशा असतील तर माप दशांसकट आहे की दशा सोडून, हेही लिहा. त्यानंतर लॉटमधली एक चादर आणि एक टॉवेल तीन वेळा धुऊन, वाळवून पुन्हा मोजा. ६० इंचाची रुंदी ५८ वर आली तर ती तीन टक्क्यांहून जास्त आटली, आणि ही गोष्ट ग्राहकाने शोधून काढण्याआधी आपण सांगितलेली बरी: 'धुतल्यावर रुंदीत २ इंचांपर्यंत आटू शकते.' याच वेळी रंगाची चाचणीही होते. पांढरं सुती फडकं ओलं करून पिळायचं आणि गडद भागावर दहा वेळा घासायचं. फडक्यावर हलकी झाक आली तर 'पहिल्या दोन-तीन धुण्यांना वेगळी धुवा' असं ठळक लिहायचं. फडकं रंगून निघालं तर तो लॉट ऑनलाइन चढवूच नये. रंगाऱ्याकडे परत न्यावा.

फोटोंवर एक पूर्ण दिवस घालवा. माणूस वाचतो कमी, बघतो जास्त. वर्णनात बरोबर लिहिलेलं असूनही फोटो वेगळं सांगत असेल, तर तो फोटोवरच विश्वास ठेवतो. पाच रंगांच्या चादरींची थप्पी पहिल्या फोटोत असेल तर पाच चादरी येणार असं समजणारा ग्राहक वेडा नाही. पहिल्या फोटोत फक्त तेवढाच माल, जेवढा पुडक्यात जाणार. बहुतेक ठिकाणी पहिल्या फोटोवर अक्षरं चालत नाहीत, म्हणून दुसरा फोटो मोजमापाचा: चादर पसरलेली, दोन बाजूंना बाण, त्यावर फूट आणि सेंटिमीटर. तिसऱ्यात माणूस चादर पांघरून पलंगावर झोपलेला, खाली त्याची उंची लिहिलेली. ही चादर अंथरायची नसून पांघरायची आहे, हे कुठल्याही भाषेतल्या ग्राहकाला या एका फोटोवरून कळतं.

चौथा फोटो उलट्या बाजूचा, आणि तो बरेच जण टाकतच नाहीत. आपल्या जॅकार्ड चादरीत सुलट बाजूला जिथे लाल फूल पिवळ्यावर दिसतं, तिथे उलट बाजूला पिवळं फूल लालवर दिसतं. विणकाम दुहेरी असल्यामुळे हे होतं, आणि चादरीचं वैशिष्ट्यच ते आहे. ज्याने सोलापुरी चादर कधी पाहिली नाही त्याला मात्र वाटतं की दुसरीच चादर आली किंवा रंग उडाला. चादरीचा एक कोपरा दुमडून दोन्ही बाजू शेजारी-शेजारी दाखवा आणि खाली लिहा, 'दोन्ही बाजूंनी वापरता येते, रंग उलट दिसतात.'

फोटो सकाळी दहाच्या आसपास सावलीतल्या उजेडात काढा. ट्यूबलाइटखाली मरून लाल दिसतो आणि राणी रंग गुलाबी. फिल्टर लावू नका. फोटो झाल्यावर तो फोनवर उघडून चादरीच्या शेजारी धरा. डोळ्यांना फरक दिसला तर फोटो पुन्हा काढा. नव्या लॉटमध्ये रंगाची छटा बदलली असेल तर जुना फोटो चालवून घेऊ नका. शेवटचा फोटो वजनकाट्यावरच्या चादरीचा, आकडा स्पष्ट दिसेल असा. 'जाड' हा शब्द ज्याच्या-त्याच्या मनात वेगळा असतो, पण ग्रॅममधला आकडा सगळ्यांना एकच.

टॉवेलची दुखणी वेगळी. जीएसएम म्हणजे एका चौरस मीटरला किती ग्रॅम, हे आपल्याला पाठ असतं. ग्राहकाला तो टॉवेलच्या वजनाचा आकडा वाटतो. ७५ बाय १५० सेंटिमीटरच्या टॉवेलचं क्षेत्रफळ १.१२५ चौरस मीटर, म्हणून ४०० जीएसएमचा टॉवेल ४५० ग्रॅम भरतो आणि ४५० जीएसएमचा ५०६ ग्रॅम. वर्णनात जीएसएमच्या शेजारीच एका टॉवेलचं वजन लिहा. कुरियरचा टप्पा ५०० ग्रॅमचा असेल तर दुसरा टॉवेल नुसत्या सहा ग्रॅमनी वरच्या दरात जातो, तेही विक्रीचा दर ठरवण्याआधी ध्यानात घ्या. 'नॅपकिन' म्हटल्यावर कुणाला हात पुसायचा छोटा टॉवेल कळतो, कुणाला जेवणाच्या टेबलावरचा रुमाल, कुणाला कागदी. शीर्षकात 'हात-तोंड पुसण्यासाठी, सुती टेरी' असं घाला, आणि डझनाने विकत असाल तर '१२ नग' आकड्यात लिहा.

नव्या टेरी, म्हणजे धाग्यांची लूप असलेल्या, टॉवेलच्या दोन तक्रारी ठरलेल्या: धागे सुटतात आणि पाणी टिपत नाही. पहिल्या धुण्यांत मोकळे तंतू निघतातच. पाणी न टिपण्याचं कारण बहुतेक वेळा मऊपणासाठी शेवटी दिलेलं सॉफ्टनर असतं. टॉवेलवर पाण्याचा थेंब टाकून बघा. थेंब मोत्यासारखा बसून राहिला तर 'वापरण्याआधी दोनदा साध्या पाण्यात धुवा, कपड्यांचं सॉफ्टनर घालू नका' ही सूचना लागणारच. एखादं लूप ओढलं गेलं तर ते खेचायचं नाही, कात्रीने कापायचं. लूप कापल्याने टॉवेल उसवत नाही.

हे सगळं पोस्टकार्डाएवढ्या चिठ्ठीवर मराठी, हिंदी आणि इंग्रजीत छापून घडीच्या वर ठेवा, पुडकं उघडताच दिसेल अशी. चादरीच्या चिठ्ठीवर तीनच ओळी: ही पांघरायची चादर आहे, दोन्ही बाजूंना रंग उलट असतात, पहिली धुणी थंड पाण्यात वेगळी करा. चिठ्ठीत आपला फोन नंबर किंवा दुकानाची जाहिरात घालण्याआधी ज्या संकेतस्थळावरून विकता त्याचा नियम वाचा. काही ठिकाणी यावरून खातं बंद होतं. चांगला शेरा लिहा, भेट देतो, असलं काही छापू नका. स्वतःच ग्राहक बनून शेरे लिहायला २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनी मनाई केली आहे. वस्तू सदोष, बनावट किंवा वर्णनाप्रमाणे नसेल तर ती परत घ्यायला विक्रेत्याला नकार देता येत नाही, हेही त्याच नियमांत आहे. तेव्हा 'नो रिटर्न' असं लिहून सुटका होत नाही.

आता खरेपणाचे शब्द. यंत्रमागावरच्या मालाला 'हातमाग' लिहिणं, सुतात पॉलिएस्टर असताना '१०० टक्के सुती' लिहिणं, बाहेरगावचा माल 'सोलापुरी' म्हणून चढवणं, यातून परत येणारा माल ग्राहकाच्या चुकीने येत नाही. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल या दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे. १९९९ च्या कायद्याखाली अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी होते. ती असेल तर अभिमानाने लिहा. नसेल तर करून घ्या. हे नाव सोलापूरच्या पूर्व भागातल्या विणकरांच्या पिढ्यांनी मागावर उभं राहून कमावलंय. दुसऱ्या गावच्या मालावर ते चिकटवलं की नुकसान सगळ्यांचं होतं.

पुडक्याची घडी ठरवून टाका आणि सगळ्यांना तीच करायला लावा. कुरियरवाले आकारावरूनही वजन धरतात: ४० बाय ३० बाय ८ सेंटिमीटरचं पुडकं, तिन्ही मापांचा गुणाकार भागिले ५००० या नेहमीच्या हिशेबाने, १.९२ किलोचं धरलं जातं, मग आतली चादर कितीही हलकी असो. तीच घडी दाबून उंची ६ वर आणली की १.४४ किलो. फार घट्ट दाबू नका, सुरकुतलेली चादर वापरलेली वाटते. आत पारदर्शक पिशवी, बाहेर कुरियरची जाड पिशवी. आतल्या पिशवीवर निर्मात्याचं नाव-पत्ता, नग, माप, सर्व करांसह कमाल किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क.

स्वतःच्या पानावरून किंवा व्हॉट्सॲपवरून ऑर्डर घेत असाल, तर घरपोच रोखीच्या प्रत्येक ऑर्डरला माल निघण्याआधी एक निरोप धाडा: 'नमस्कार मॅडम, ही चादर पांघरायची आहे, गादीवर अंथरायची नाही. माप पाच फूट बाय साडेसात फूट, एकच नग, सोबत अभ्रे नाहीत. पाठवू ना?' काही ऑर्डरी इथेच रद्द होतील. होऊ द्या. पाठवणीचे ७० रुपये, परतीचे ८०, पिशवी-चिठ्ठीचे १० आणि पुन्हा घडी-इस्त्रीचे १५ धरले तर एका परतीला १७५ रुपये जातात. नगामागे ६० सुटत असतील तर तीन चादरींची कमाई गेली.

परतीच्या मालासाठी वेगळं टेबल आणि तीन कप्पे लावा: पुन्हा विकण्याजोगा, धुऊन-घडी करून हलक्या दरात जाणारा, आणि सदोष. उघडताना एकसलग व्हिडिओ घ्या. आधी पावतीवरचा नंबर, मग पुडक्याच्या चारही बाजू, मग कात्री, मग आतला माल पूर्ण पसरून, शेवटी काट्यावरचं वजन. व्हिडिओ मध्येच तुटला तर खराब किंवा बदललेल्या मालाबद्दल संकेतस्थळाकडे केलेला दावा फेटाळला जाऊ शकतो. दाव्याची मुदत प्रत्येक संकेतस्थळाची वेगळी असते, म्हणून पुडकं आलं त्याच दिवशी उघडा. चादरीचे चारही कोपरे, वास, केस, डाग बघा. वापरलेला टॉवेल नव्यात कधीच मिसळू नका.

सगळ्यांत दुर्लक्षित गोष्ट म्हणजे परतीची वही. तारीख, माल, पिनकोड, संकेतस्थळाने दिलेलं कारण, आणि त्याच्या शेजारी ग्राहकाचे स्वतःचे शब्द. 'चुकीची वस्तू' या एकाच कारणाखाली अभ्रे नाहीत, एकच नग आला, रंग उलटा आहे अशी तीन वेगळी कारणं दडलेली असतात. ग्राहकाने घेतलाच नाही म्हणून परत आलेला माल वेगळ्या पानावर लिहा, त्यात वर्णनाचा दोष क्वचित असतो. दर शनिवारी मोजा. एकच गैरसमज तीनदा दिसला की त्या मालाचं शीर्षक किंवा एक फोटो बदला, आणि दोन-तीन आठवडे दुसरं काही बदलू नका. नाहीतर कशाने फरक पडला ते कळत नाही. परतीची क्रेडिट नोट आणि जीएसटीचा हिशेब महिन्याच्या महिन्याला अकाउंटंटकडे द्या, कारण संकेतस्थळ विक्रीच्या पैशांतून कापून सरकारकडे भरतं तो कर, म्हणजे टीसीएस, परती वजा जाता उरलेल्या विक्रीवर असतो आणि तो जुळवावा लागतो.

तारखांचं राहिलंच. दिवाळीत माग किती दिवस बंद, कामगार कधी परत येणार, जानेवारीत सोलापूरच्या सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांच्या मिरवणुकीच्या दिवशी कुरियरची गाडी तुमच्या पेठेत शिरू शकेल का, हे आत्ताच विचारून घ्या. त्या दिवसांसाठी माल पाठवायची मुदत दोन दिवसांनी वाढवून ठेवा. सांगितलेल्या तारखेनंतर पोचलेली चादर थंडी असली तरी लोक दारातूनच परत पाठवतात.